उष्णता नव्हती, गांजा होता

मंडळी, आज कल्याणच्या स्किनवाल्या डॉक्टर मॅडम माझे गाल बघून म्हणाल्या, "नवीन एकही पिंपल नाही."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "उष्णता होती हो अंगात. रोज सब्जा पाजला मी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांपूर्वी आईला बाहेर बसवून त्यांनी विचारलेलं, "काही ओढतोस का?" गांजा, मी कबूल केलेलं. त्या म्हणाल्या, गांजामुळेच पिंपल्स येतात असं ठाम सांगता येत नाही, पण धूर स्किनला त्रास देतो आणि नंतर सुटणारी गोडाची भूक आणखी. मला माझे गुलाबजाम आठवले. मलम सुरू केलं, गांजा सोडला. श्रेय मात्र रोज सब्जाच लाटत होता.

आज रिक्षात आईला सगळं सांगून टाकलं. घराचा जिना चढताना ती म्हणाली, "परत हात लावलास तर बघ. आणि सब्जा चालूच राहणार."

आत्ताच ग्लास संपवला. साफ चेहऱ्याने, आईच्या समोर बसून.

तुमच्या घरी उष्णतेच्या नावावर काय काय खपतंय?