मडिवाळप्पांचं धोतर

सकाळी उठल्याबरोबर माणूस कशाला हात लावतो, त्यावरून त्याचा जीव कशात आहे ते कळतं. मी आरशाला हात लावतो. वय अठ्ठ्याहत्तर. नाटक कंपनी बंद पडून बावीस वर्षं झाली, पण औशातल्या माझ्या दोन खोल्यांत पहाटे पाचला रंगभूषा सुरूच होते. आधी कवळी घासून बसवायची, मग मिशीला कलप, मग उरलेल्या वीसेक केसांचा भांग. बायको, कस्तुराबाई, होती तेव्हा विचारायची, "आज कुणाचं लगीन हाय?" ती जाऊन तीन वर्षं झाली. आता कुणी विचारत नाही, त्यामुळे भांगाला जास्तच वेळ लागतो.

साडेसहाला मी गच्चीवर जाऊन राजाचा प्रवेश म्हणायचो. "सेनापती, दरवाजे उघडा! आम्ही अजून जिवंत आहोत!" इथून सुरुवात, पुढं वीस मिनिटं. माळेगावच्या जत्रेत या वाक्याला शिट्ट्या पडत. मुदखेडला एकदा ऐन प्रवेशात दिवे गेले. मी अंधारातच शेवटपर्यंत म्हटलं. दिवे आले तेव्हा समोर फक्त तंबूवाला होता आणि तो खुंट्या उपटत होता.

आता मात्र मला एक पक्का प्रेक्षक होता. समोरच्या घरातले मडिवाळप्पा. खाली किराणा दुकान, वर घर. साडेचारला आंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. ती होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग नाश्ता, साखरेच्या आजाराची गोळी, आठला दुकान. पण माझं पहिलं वाक्य कानावर पडायच्या वेळी ते गच्चीवर हजर, आणि पुढची वीस मिनिटं पांढऱ्या कपड्यांत, जराही न हलता उभे. एवढा तल्लीन रसिक मला कंपनीतही लाभला नव्हता. खरं सांगतो, अंथरुणातून उठायला मला तेवढं एकच कारण उरलं होतं.

मग लातूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभर तिथंच राहिलो.

डॉक्टरांनी घरी सोडलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नव्या नजरेनं गच्चीवर गेलो. पहिलं वाक्य फेकलं. मडिवाळप्पांनी मान हलवली, पाठ फिरवली आणि आत निघून गेले. तरी पांढरी आकृती जागच्या जागी! नीट पाहिलं. दोरीवर वाळत घातलेलं धोतर होतं.

तीन वर्षं मी धोतरासमोर राज्य करत होतो.

लई लागलं हो मनाला. त्या दिवशी मी ठरवलं, आता आवाज बंद. कळू दे त्यांना काय गमावलं ते. दुसऱ्या सकाळी कवळी, कलप, भांग सगळं यथासांग केलं आणि खुर्चीत फुगून बसलो. साडेसहा वाजले, सात वाजले. मोबाईल वाजला, 'मडिवाळप्पा'. मी तो पालथा ठेवला. पुन्हा वाजला. वाजू दे. मोठे नट असे लगेच फोन घेत नसतात. आठ वाजले तरी समोरच्या दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला नाही, तेव्हा मात्र जरा चमकलो.

साडेआठला दार धडाधडा वाजलं.

"राजे! ओ राजे! दार उघडा!"

उघडलं. दारात मडिवाळप्पा, उघडे, कपाळ भस्माविना कोरं. मागं त्यांची सून मंजुश्री, हातात पाण्याचा तांब्या.

"जिते हाव का?" ते म्हणाले. मग माझ्या मिशीकडे पाहून आवाज चढला. "कलप लावून बसलाव? अन् तिकडं माझा जीव टांगणीला!"

"तुम्ही ऐकत नाही माझं. एका वाक्यात पळून जाता," मी म्हणालो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस हे वाक्य म्हणाला, याची नोंद घ्यावी.

"मग काय वीस मिनिटं उभा राहू? वैनी गेल्या, तुम्ही घरात एकटे. रात्री काही झालं तर कळणार कुणाला? तुमची आरोळी आली की समजतं, म्हातारा हाय अजून. मग मी देवाला बसतो. पुढचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

"मामा, आधी पाणी घ्या," मंजुश्री म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "काका, पूजा न्हाई म्हणून पाणी न्हाई, नाश्ता न्हाई, गोळी न्हाई. साडेचारपासून असेच हायेत. आन् रोजचंच हाय हे. साडेसहापर्यंत तुमची वाट बघत बसतात."

"पूजेआधी पाणी न्हाई घेत मी," असं म्हणत मडिवाळप्पा भिंतीला धरून जिना उतरले.

मी दारातच उभा राहिलो. रोज मी मिशी रंगवत होतो तेवढा वेळ समोर एक साखरेचा रोगी कोरड्या घशानं थांबून होता. आणि मी त्याच्या टाळ्यांची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठलो आणि तसाच गच्चीवर गेलो. मिशीला कलप नाही, केस उभे, कवळी वाटीतच. समोरच्या गच्चीवर गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात मडिवाळप्पा धोतर पिळून दोरीवर टाकत होते. मी श्वास भरला.

"फेनापती, दलवाजे उगला!"

ते दचकले. मग हात वर करून ओरडले, "दात बसवा आधी, राजे! गल्लीतली पोरं भितील!" आणि हसत हसत पूजेला गेले.

उरलेला प्रवेश मी धोतराला ऐकवला. ते शेवटपर्यंत थांबलं.