त्याच दिवशी बसणारं, टिकणारं फिलिंग

डॉ. वत्सला अग्निहोत्री यांची आणि माझी ओळख मोडतोडीतून झाली. दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गात मी नुकताच दाखल झालो होतो. काढलेल्या एका दुधाच्या दातावर मन लावून बसवलेलं माझं फिलिंग बाईंनी न्याहाळलं, "सुबक आहे," म्हणाल्या, आणि पकड तपासायच्या यंत्रात अडकवून ओढून तोडलं. मी हिरमुसलो.

"अहो, कौतुकाला घरचे आहेत. कुठून तुटलं ते बघा." फिलिंग मधूनच तुटलं तर पकड चांगली. दातापासून अलगद सुटलं तर काम फुकट. माझं सुटलं होतं.

बाईंचा विषयच पकडीचा होता. दातावर कीड थांबवणारं चांदीचं औषध लावलं की कोरावं लागत नाही, मूल रडत नाही. दात मात्र काळा पडतो. त्यावर लगेच पांढरं फिलिंग बसवलं तर पकडीचा भरवसा नसतो. काही दिवस थांबलं तर ती सुधारते, हे बाईंनी प्रयोगशाळेत कधीच दाखवून दिलं होतं. त्यावर त्यांनी समाधान मानलं असतं तर त्यांच्या पंचाहत्तरीचा हा लेख आनंदाने लिहिता आला असता.

लोणी काळभोरच्या शिबिरात एक आई मुलीला घेऊन आली. बाईंनी औषध लावून पुढच्या आठवड्यात बोलावलं.

"आजच भरा की, मॅडम. परत यायचं म्हंजी कामावर खाडा हाय. आन् काळा दात घिऊन ही साळंत जायाची न्हाई."

बाईंनी तेव्हाच भरलं. पुढे स्वतः गाडी करून त्या मुलीच्या शाळेत गेल्या. फिलिंग निघालं होतं आणि मुलगी तोंडावर हात धरून बोलत होती. शाळेच्या व्हरांड्यातच बाईंनी ते पुन्हा बसवलं. औषध आणि फिलिंग एकाच दिवशी, आणि तरी टिकणारं, हाच त्या दिवसापासून त्यांचा ध्यास झाला.

ते जमलं नाही. दात धुऊन पाहिला, घासून पाहिला. मध्ये दुसरं सिमेंट घातलं, तेव्हा पकड आली, पण खालचा काळा रंग दिसतच राहिला. आता वयामुळे बाईंऐवजी दात यंत्रात मी लावून देतो. प्रयोगशाळेची खोली लवकरच दुसऱ्या विभागाला जाणार आहे. विद्यार्थी या विषयाकडे फिरकत नाहीत. आम्ही हरलो, असं मला वाटतं, आणि ते झाकून गौरव करणं बाईंना चालणार नाही. या लेखातला 'यशस्वी संशोधन' हा शब्दप्रयोग त्यांनी स्वतः खोडला.

"असलं लिहू नका. अशा पोरींचे दात अजून काळेच राहतात."

परवा पंचाहत्तरीचं अभिनंदन करायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर हे काम कोण करील?" मीही येत्या वर्षी निवृत्त होतोय.

बाई, आपण खूप जगा, धडधाकट राहा. आमच्याकडे दुसरं कोणी नाही.