पहिले सामान, मंग इंजिन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी लाखांदूरच्या काकाजींचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे शाळेतले गुरुजी असतील. घरातला पहिला पदवीधर म्हटल्यावर त्याच्या मागे एखादे गुरुजी असणारच, अशी लोकांची खात्री असते. मला गुरुजीही चांगले लाभले. पण काकाजी गाड्यांचे मिस्त्री होते आणि त्यांना सही करण्यापुरतीच अक्षरं येत. त्यांचं खरं नाव लाखांदुरात फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळे काकाजीच म्हणत, म्हणून मीही तेवढंच लिहितो.

तुम्ही त्यांच्या शेडवर कधी गेला असाल तर एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. कोणतीही गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी ते त्यावर पंजा ठेवून क्षणभर उभे राहत. गाईच्या कपाळावर ठेवावा तसा. मी एकदा विचारलं, "काकाजी, गरम आहे का पाहता?"

"नाई बे. सांगून राहिलो तिले, का आता उघडतो म्हणून. अचानक उघडलं त आपल्याले बी आवडत नाई."

माझी नोकरी बपेऱ्याकडच्या एका हायस्कुलात, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या टोकाला. आई लाखांदूरजवळच्या आमच्या गावी, खालच्या टोकाला, एकटी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भात शिजला की नाही हे ती वासावर ओळखायची, आणि चुलीजवळ भाजल्याचा नवा डाग तिच्या हातावर मला दर खेपेला दिसायचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चार-सहा फेऱ्या कराव्या लागतील, फार उशीर करू नका. पण एसटीत बसलं की आईला उलट्या व्हायच्या. एकदा अर्ध्या वाटेत उतरून ती रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मले नाई दिसलं त चालते, पण मी या डब्ब्यात पुन्हा बसत नाई." तेव्हा मी ठरवलं, गाडी घ्यायची. नवी परवडत नव्हती. शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्या कंपनीने ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, त्यात स्वस्त मिळते.

मी काकाजींकडे गेलो. ते एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होते. खालूनच म्हणाले, "ओढलेली गाडी घेतं मास्तर?"

"हो. वाईट असते का?"

"गाडी वाईट नसते. ते त रडत आलेली असते. घेणारा कसा आहे, तेवढंच पाहावं लागते." मग बाहेर सरकून त्यांनी तोंड पुसलं. "येतो मी. पण माहा एक कायदा आहे. पहिले सामान, मंग इंजिन."

मला अर्थ कळला नाही. तो यार्डात गेल्यावर कळला.

यार्ड म्हणजे तारेचं कुंपण घातलेलं मोठं मैदान होतं. शेदोनशे गाड्या धूळ खात उभ्या. काहींच्या आरशाला अजून लिंबू-मिरची होती, एकीच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं. फाटकावर पाटी होती, 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे'. नागपूरहून आलेले दलाल झटझट बॉनेट उघडत आणि बंद करत चालले होते. काकाजी मात्र प्रत्येक गाडीत आधी आत डोकावत. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याचं टोक नाकाला लावत. एका पांढऱ्याशुभ्र गाडीचा पट्टा त्यांनी मला दाखवला. आतल्या भागावर मातीची बारीक रेघ होती.

"हे वैनगंगेत बुडालेली आहे. वरून किती बी धू, पट्ट्याच्या पोटातली माती कोणी धूत नाई. चाल."

शेवटी एका छोट्या राखाडी गाडीपाशी ते थांबले. पंजा ठेवला. आत बसले. पेडलचं रबर पाहिलं, मागची सीट दाबली. "माणूस बाजार करनारा आहे. मागं गठ्ठे ठेवले, पण गोधडी टाकून ठेवले. सीट फाटू नाई देल्ली." मग डॅशबोर्डचा कप्पा उघडून सगळं एकेक पाहिलं. लहान मुलाची टोपी, छत्री, टॉर्च, पाण्याची बाटली. समोर देवाच्या फोटोखाली सुकलेली फुलं आणि लाल कापडाची एक लहानशी पुरचुंडी. ती त्यांनी बोटांनी दाबून पाहिली आणि परत जागेवर ठेवली.

"काकाजी, इंजिन?"

"पाहतो न. इंजिन कुठं पळून राहिलं?"

परतताना चहाच्या टपरीवर त्यांनी आपली गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांची स्वतःची जीप होती, प्रवासी भरून लाखांदूर ते पवनी चालायची. दोन पावसाळे धंदा बसला आणि एका सकाळी चार माणसं येऊन जीप घेऊन गेली.

"जीप गेली त गेली. हप्ता मीच नोता भरला. पण आत माहा डबा होता. बायकोनं सकाळी चनाभाजी देल्ती. तिच्या लग्नातला डबा, झाकनावर तिचं नाव कोरलेलं. चकरा मारल्या मी, कोणी म्हने हा यार्ड, कोणी म्हने तो यार्ड. अरे, नाव होतं न त्याच्यावर! ज्यानं कोणी जीप घेतली, त्याले दिसलं नसन का?" मग हसून म्हणाले, "बायको मरेपर्यंत विचारे, भाजी कशी झालती. मी म्हनो, मस्त झालती."

तेव्हापासून, ज्या ज्या ओढलेल्या गाडीला त्यांचा हात लागला, तिच्यातलं सामान त्यांनी जुन्या मालकाच्या घरी नेऊन दिलं. कंपनी म्हणते, येऊन घेऊन जा. पण गाडी गेलेला माणूस लाजेने यार्डाकडे फिरकत नाही. काकाजी पिशवी घेऊन एसटीने जात. छत्री द्यायला ते एकदा गोंदियापर्यंत गेले होते. छत्री मोडकी होती.

लिलाव मोबाइलवर होता. त्याआधी त्यांनी मला माझा शेवटचा आकडा कागदावर लिहायला लावला, घडी करून आपल्या खिशात ठेवला आणि बजावलं, "याच्या वर गेला त मी हा फाडतो आन् घरी जातो."

"पण काकाजी, तुम्हाला आकडा वाचता—"

"मले नाई येत. तुह्यं तोंड वाचता येते."

बोली वाढत गेली. माझी बोली कागदावरच्या आकड्याला टेकली, तरी घाईत मी आणखी पुढे जायला निघालो आणि काकाजींनी नुसता खिशाला हात लावला. मी थांबलो. समोरचाही त्यावर गेला नाही. राखाडी गाडी माझी झाली.

इथवर सगळं त्यांनी सांभाळलं. पुढची चूक माझी.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी काकाजींना ताप होता. फोनवर म्हणाले, "सामान वेगळं ठेव मास्तर. हात नको लावू, मी येतो." मी टोपी, छत्री, टॉर्च, बाटली पिशवीत भरली. पण आईने पूजेची तयारी करून ठेवली होती, आणि दुसऱ्याच्या घरचं निर्माल्य गाडीत ठेवून आपली पूजा कशी करायची? सुकलेली फुलं, आरशाला टांगलेली लिंबू-मिरची आणि ती लाल पुरचुंडी मी एका पानात घेतली. कारध्याच्या पुलावर गाडी थांबवली, चप्पल काढली, हात जोडले आणि सगळं वैनगंगेत सोडलं. पायदळी येऊ नये म्हणून. आपण फार नीट वागलो असं मला वाटलं होतं.

दोन दिवसांनी काकाजी आले. पिशवीतलं सामान खाटेवर काढलं. मग पिशवी उलटी करून झटकली.

"लाल पुरचुंडी?"

मी सांगितलं. ते खाटेवर बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"कडक होतं काई तरी त्याच्यात. गोल. मी दाबून पाह्यलं होतं." मग त्यांनी सामान एकेक करून परत पिशवीत भरलं. "चाल. करडीले जाऊ." गाडीच्या कागदांवर जुन्या मालकाचा पत्ता तिथलाच होता.

मी गाडीची चावी घेतली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती परत खुंटीला लावली. "त्याच्याच दारात त्याचीच गाडी घेऊन जातं का बे?"

दोनदा एसटी बदलून आम्ही करडीला पोचलो. वाटभर मी शब्द जुळवत होतो. मला वाटत होतं, त्या माणसाने पोलिसात तक्रार केली तरी चालेल, पण नुसतं रडू नये.

जुना मालक आठवडी बाजारांतून कपडे विकत असे. अंगणात मोटारसायकलवर गठ्ठा बांधत होता. काकाजींनी ओळख सांगितली तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण त्याने आम्हाला बसायला खाट टाकली. त्याची बायको पाणी घेऊन आली. काकाजींनी एकेक वस्तू काढून ठेवली. टोपी पाहून बायको म्हणाली, "अवो, आता हे त्याले होते काय? डोस्कं केवढं झालं त्याचं!" सगळे हसले. मग त्या माणसाने पिशवीत हात घातला आणि तो हात आतच राहिला.

"अजून काई होतं जी?"

काकाजी पुढे सरकले. "मीच सांगतलं मास्तरले, का फुलंपत्री नदीत सोड म्हणून. माह्याच चुकीनं..."

मी त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नाही. काकाजींनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. ती लाल पुरचुंडी मी सोडली. मला वाटलं, पूजेचं आहे."

त्या माणसाने पिशवीतला हात बाहेर काढला. बायकोच सांगू लागली. पुरचुंडीत त्याच्या आईची चांदीची जोडवी होती. म्हातारी गेली तेव्हा बोटांतून काढलेली. गाडी घेतली तेव्हा त्याने ती समोर बांधली होती, आई गाडीत बसली नाही कधी म्हणून. गाडी ओढून नेली त्या दिवशी काढायची राहिली. त्यानंतर तो दोनदा यार्डाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता.

"कोणत्या पुलावरून सोडली?" तिने विचारलं.

"कारध्याच्या."

"हात जोडले होते?"

"हो. चप्पल काढून."

ती नवऱ्याकडे वळली. "आयकलं का? बुढीचे अस्थीचे फूल बी आपण तठीच सोडले होते. तुमच्याच्यानं जोडवे सुटत नोते, म्हणून राहून गेल्ते."

तो उठून आत गेला. आम्हाला वाटलं, आता येत नाही. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि माझ्या हातावर एक चावी ठेवली. गाडीची दुसरी चावी.

"कंपनीले नोती देल्ली. म्हटलं, कधी तरी..." त्याने माझी मूठ चावीवर मिटवली. मग म्हणाला, "दुसरा गेअर जरा रुसते. जोर नोका करू. बाकी गाडी चांगली आहे."

परतीच्या एसटीत काकाजी खिडकीशी बसले होते. तिकीट खिशात ठेवत म्हणाले, "आता झाली गाडी तुह्यी."

आई त्याच गाडीतून भंडाऱ्याला गेली, सहा वेळा. पुढच्या सीटवर, काच खाली करून, एकदाही उलटी न होता. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर ती गाडीपाशी आली, थांबली आणि म्हणाली, "मले वाटलं पांढरी आहे. हे त राखाडी निंगाली!" काकाजींना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

आज त्यांची शेड बंद आहे. नजर अधू झाली. इंजिन हाताने कळतं, पण स्क्रू पडला की सापडत नाही, असं म्हणत त्यांनी काम सोडलं आणि नागपूरला लेकीकडे गेले. मी लाखांदूरला जातो तेव्हा शटरवर पंजा ठेवून क्षणभर उभा राहतो. लोकांना वाटतं, गरम आहे का पाहतो.

मागच्या महिन्यात मी त्यांना एक पत्र आणि एक पार्सल पाठवलं. पत्र असं:

"ती. काकाजींना साष्टांग नमस्कार.

नात वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच.

गाडी ठीक आहे. दुसरा गेअर अजून रुसतो. मी जोर करत नाही. आई आता सुईत दोरा स्वतः ओवते आणि मला दाखवून ओवते.

शाळेतल्या एका सरांना गाडी घ्यायची होती, म्हणून त्यांच्याबरोबर यार्डात गेलो होतो. ते बॉनेट उघडायला निघाले, तर माझ्या तोंडून निघालं, पहिले सामान, मंग इंजिन. दलाल हसले. सीटखाली एका मुलीचं कंपासपेटीसकट दप्तर सापडलं. रविवारी आम्ही दोघं ते द्यायला जाणार आहोत, एसटीने.

मी प्रत्येक यार्डात तुमचा डबा शोधतो. अजून सापडलेला नाही. सोबत पाठवला आहे तो डबा तो नव्हे, भंडाऱ्याच्या बाजारातून नवा घेतला आहे. रिकामा पाठवू नये म्हणून आईने चिन्नोरचे तांदूळ भरले आहेत. तिने ते स्वतः निवडले, एकही खडा निघणार नाही, असं ती म्हणते.

झाकणावर काकूंचं नाव कोरून घेतलं आहे. अक्षरं जरा खोल कोरायला सांगितली. बोट फिरवलं की लागतील.

तुमचा,
मास्तर"