कच्च्या चुन्याची भिंत

मावशीनं आयुष्यात शेकड्यानं भिंती बांधल्या, पण त्यांतल्या एकीनंही घर धरलं नाही. तिची भिंत ताटाएवढी. दोन बोटं जाड, चौकोनी, लाकडी चौकटीत बसवलेली. कुठली मातीची, कुठली विटेची, कुठली सिमेंटची, कुठली चुन्याची. प्रयोगशाळेत अशा भिंतींवर डासांचं औषध फवारायचे, मग डास सोडून बघायचे, मरतात का पाहुण्यासारखे हिंडून परत जातात. एवढी शिकलेली माणसं तिथे, पण गिलावा करता येणारं माणूस एकच, आणि ते तिसरीतून शाळा सोडलेलं.

सासरा चुन्याच्या भट्टीवर, नवरा रंगारी. लग्न होऊन आली तेव्हापासून मावशीच्या नखांत चुना होता. वीस वर्षं नवऱ्याच्या शिडीखाली उभं राहून तिनं बादल्या ढवळल्या. नवऱ्याचा गुडघा गेला, शिडी सुटली, तेव्हा ती इथे लागली. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "फळीवर गिलावा जमेल का?"

"घराच्या भिंतीवर केला तर ती पळून नाही गेली," मावशी म्हणाली. "फळी कुठं पळतीय?"

औषध बनवणारी डॉक्टरीणबाई पोरसवदा, बारीक चणीची, चालताना कायम कडेला धडकणारी. तिनं नवं औषध काढलं होतं. औषधाचा एकेक थेंब खसखशीहून बारीक कवचात बंद केलेला. फवारलं की ती कवचं भिंतीला चिकटून बसायची आणि आतलं औषध जरा जरा पाझरत राहायचं. डास भिंतीवर टेकला की त्याच्या पायाला लागलंच. मातीवर, विटेवर, लाकडावर औषध झकास चाललं. चुन्यावर मात्र चौथ्या आठवड्यातच त्याचा दम संपायचा. नियम असा, की आठव्या आठवड्याला शंभरातले ऐंशी डास तरी मेले पाहिजेत. चुन्यावर मेले एकतीस. भिंत बदलून पुन्हा केलं, तर एकोणतीस.

साहेबांनी सांगून टाकलं, "अजून एक डाव. चुन्यावर नाही टिकलं तर हे औषध बंद. अर्ध्या घरांना चुना असतो, त्यांना काय सांगायचं? डासांना म्हणायचं, विटेवर बसा?"

डॉक्टरीणबाईनं वही मिटली. तीन वर्षं तिनं त्या कवचांत घातली होती.

डासांच्या खोलीत काम करणारा एक होता. सगळे त्याला डासवाला म्हणायचे. अळ्यांना खायला घालणं, डास मोजणं, नळीनं ओढून भिंतीला लावलेल्या नरसाळ्यात सोडणं, ही त्याची कामं. तो मावशीला म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं होणार बघ. औषध बिघडलं की नाव भिंतीचं घेतील."

"घेऊ देत," मावशी म्हणाली. "माझी भिंत ओळंब्यात आहे."

पण ते तिच्या मनाला लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरातलं उरकून ती धावतपळत कामावर आली. बोटांना स्वयंपाकाची हळद तशीच. कपाटातून जुन्या भिंती काढायच्या होत्या. प्रयोगशाळेची शिस्त अशी, की भिंत झाली की पेटीत तापवून वाळवायची, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर चंदेरी कागद लावून बंद करायची. धूळ नको, ओल नको, वारा नको. मावशीनं चार महिन्यांपूर्वीची चुन्याची भिंत सोडली आणि कडेला धरून उचलली. खाली ठेवली, तर जिथं धरली होती तिथं बोटांचे ठसे.

लालभडक.

मावशी बघतच राहिली. हळद चुन्यात कालवली की लाल होते हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. पण ती कच्च्या चुन्यात. चार महिन्यांची भिंत अजून कच्ची कशी? घरच्या भिंतीला तिचे हळदीचे हात रोज लागत, तिथले डाग पिवळेच होते. फार तर जरा तांबूस.

त्या दिवशी मावशीचं कामात लक्ष लागलं नाही. सुटल्यावर अशी चालली की ओळखीच्या बाईनं हाक मारली तेही ऐकू आलं नाही. घरी आल्या आल्या सासऱ्यापुढे जाऊन बसली. म्हातारा कानानं अधू. पण चुन्याचं काही विचारलं की नेमकं ऐकू येई.

"मामंजी, चुना लावून गुंडाळून ठेवला, वाराच लागू दिला नाही, तर?"

"तर काय? कच्चाच राहील. चुना वारा खाऊन पिकतो." म्हाताऱ्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "कुणी गुंडाळला?"

"मीच."

"सूनबाई, वीस वर्षं माझ्या घरात राहून चुन्याला अंथरूण-पांघरूण घातलंस होय गं? आणि कच्च्या चुन्यावर काही लावशील तर खाऊन टाकतो तो. रंग खातो, हाताची कातडी खातो. माझी बोटं बघ की."

खाटेवरून नवरा म्हणाला, "म्हणजे त्या पोरीचं औषध हिच्या भिंतीनं खाल्लं."

मावशीला आपल्याच भिंतीची लाज वाटली. आणि त्याच्याबरोबरच, खरं सांगायचं तर, आनंदाची उकळीही फुटली. घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं होतं. एवढ्या पुस्तकांना सापडलं नव्हतं, ते तिच्या हळदीच्या बोटाला सापडलं होतं.

सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली ती पुडीत हळद घेऊनच. डॉक्टरीणबाईही तिथे होती. मावशीनं भिंत टेबलावर ठेवली, ओलं बोट हळदीत बुडवलं आणि भिंतीवर ओढलं. रेघ लाल झाली. मग तिनं सगळं सांगितलं. गुंडाळायचं फर्मान तुमचं, पण वीस वर्षं चुन्यात काढूनही त्याला वारा लागतो हे सुचलं नाही ते मला. म्हणून चूक माझी.

साहेब खुर्चीत मागे रेलले. चेहरा हळूहळू उजळला. "मग सोपं झालं. दोन्ही चाचण्या रद्द. महिनाभर वारा खाल्लेल्या भिंती घ्या आणि त्यांवर करा. औषध पास होणारच."

डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मावशीचा हात धरला. झालं, सुटलो. मावशी एवढ्यावर थांबली असती तर सगळ्यांचं गोड झालं असतं.

पण मावशीची जीभ तिच्या बापालाही कधी आवरली नव्हती.

"साहेब, एक विचारू? फवारणीवाले येणार म्हटल्यावर लोक काय करतात?"

"काय करतात?"

"घर आवरतात. भिंत कळकट दिसू नये म्हणून चुन्याचा हात मारतात. आठ दिवस होत नाहीत तर फवारणी. आम्ही मियाबीबीनं वीस वर्षं हेच केलं. फवारणीच्या आधी आम्हाला जेवायला फुरसत नसायची. लोकांची भिंत महिनाभर वारा खात नाही बसत. ती कच्चीच असते."

डॉक्टरीणबाईनं मावशीचा हात सोडला.

"म्हणजे आमची चाचणी चुकून बरोबर होती," ती सावकाश म्हणाली.

"तुम्ही औषध वाचवायला आलात का मारायला?" साहेबांनी मावशीला विचारलं.

"पास होऊन काय करायचं साहेब, घरात डास चावले तर?"

बाहेर आल्यावर डासवाल्यानं कपाळावर हात मारला. "मावशी, दारात आलेलं परत घालवलंस. आता ती बाई तुझं तोंड बघायची नाही."

तोंड न बघायचं सोडाच, दुपारी डॉक्टरीणबाईच मावशीच्या मागच्या खोलीत आली. तिथे चाळण्या, थापी, वाळूचे डबे. ती उलट्या बादलीवर बसली. "मावशी, कच्च्या चुन्यावर रंग द्यायची वेळ आली तर तुम्ही काय करत होता?"

"सरसाचा हात द्यायचो. सरस म्हणजे हाडाकातड्याचा डिंक, तो गरम पाण्यात विरघळवायचा, पातळ, त्याचा एक हात. मग चुना खाली आणि रंग वर. मधे सरस. भांडण नाही."

डॉक्टरीणबाई उठली ती एकदम, आणि वरच्या फळीला डोकं आपटलं. तिला त्याचं भानच नव्हतं. "म्हणजे कवचाभोवती अजून एक..." म्हणत ती निघूनही गेली.

तिथून पुढचे दिवस असे गेले की मावशीला पायात चाकं लागल्यासारखं झालं. पहिल्यांदा खरा सरसच घालून बघितला. फवारणीच्या पंपाचं तोंड असं बुजलं की डासवाल्याला ते टाचणीनं टोकरावं लागलं, आणि वास असा सुटला की साहेबांनी खिडक्या उघडायला लावल्या. मग रंगाच्या कारखान्यात वापरतात तो पांढरा डिंक आणला. जास्त घातला, तर औषध त्याच्याखाली कोंडून गेलं. डास त्या भिंतीवर फरशीवर फिरावं तसे फिरले. कमी घातला, तर चुन्यानं दोन आठवड्यांत खाल्लं. बाटली पहिली, बाटली चौथी, बाटली नववी. रोज मावशी बाटलीतलं थेंबभर हातमोज्याच्या बोटावर घेऊन घासून बघायची. चिकट फार, चिकट कमी, अजून पातळ. डॉक्टरीणबाई वजनं करून लिहायची, आणि दोघींचं बहुतेक जुळायचं.

अकरावी बाटली बोटावर घेतली आणि मावशी म्हणाली, "ही. हिच्यावर रंग बसेल."

"रंग नाही मावशी, औषध."

"तेच ते. बसायला लागलं की सगळं सारखंच."

अकराव्या बाटलीसाठी मावशीनं वीस नव्या भिंती केल्या. दहा औषधाच्या, दहा नुसत्या. या खेपेला चुना कच्चाच राहावा म्हणून ती त्या मुद्दाम गुंडाळून ठेवायची, कडा मेणानं बंद करून, डास सोडायच्या वेळेपुरतीच काढायची. जी शिस्त चुकली होती तीच आता कामाला लागली होती. चौथ्या आठवड्याला मेले अठ्ठ्याण्णव. डासवाल्यानं शीळ घातली. सहाव्याला पंच्याण्णव. डॉक्टरीणबाई जेवायचं विसरायला लागली, आणि मावशी आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवायला लागली.

आठव्या आठवड्याला वीसही भिंतींवर एकेक नरसाळं लागलं, प्रत्येकात दहा डास. अर्धा तास. मग ते काढून जाळीच्या कपांत, वर साखरपाण्याचा कापूस. मेला का नुसता झोपलाय, हे कळायला चोवीस तास द्यावे लागतात. त्या चोवीस तासांत मावशीनं घरी भांडी दोनदा घासली. नवरा म्हणाला, "डास मरायची वाट बघणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टेबलाभोवती उभे राहिले. डासवाला एकेक कप पालथा करून मोजू लागला. नऊ. दहा. नऊ. आठ. मावशीला आकडे जोडायचं सुचेना, ती नुसती बोटं दुमडत गेली. सहाव्या कपात एक डास पाय हलवत होता. डासवाल्यानं तो जिवंतात धरला. शेवटचा कप मोजून त्यानं कागद साहेबांपुढे सरकवला. नुसत्या भिंतींवरचे मेले दोन. औषधाच्या भिंतींवरचे मेले एक्क्याण्णव.

डॉक्टरीणबाई टेबलाला टेकली. पण साहेब साहेबच. त्यांनी एक भिंत उचलली, फिरवून बघितली. "आठ आठवडे झाले. काढताना, घालताना वारा लागलाच असेल. ही भिंत आता पिकली असेल, कशावरून नाही? मग डास मेले ते औषध टिकलं म्हणून, का चुना निवला म्हणून?"

प्रश्न खोटा नव्हता. डॉक्टरीणबाईचा चेहरा पडला. डासवाला मावशीकडे बघायला लागला.

मावशीनं हातमोजा चढवला, थापीच्या टोकानं भिंतीचा कोपरा खरवडला. औषधाचा थर निघाला, खाली पांढरा चुना उघडा पडला. कमरेच्या पुडीतली चिमूटभर हळद तिनं त्याच्यावर टाकली आणि ओल्या बोटानं घासली.

लाल झाली. पहिल्या दिवशी झाली होती तशीच, लालभडक.

साहेबांनी भिंत खाली ठेवली. खिशातून पेन काढलं आणि कागदावर सही केली. मग पेन बंद करता करता म्हणाले, "मोठ्या तपासणीला सहा महिने टिकवावं लागेल. किती भिंती लागतील?"

"कच्च्या का पिकलेल्या?" मावशीनं विचारलं.

"दोन्ही."

"मग चुना आजच भिजत घालते," मावशी म्हणाली. दारातून मागे वळून डासवाल्याला बोलली, "तू काय बघत उभा राहिलास? अळ्यांना खायला घाल. पुढच्या आठवड्याला आपल्याला पाहुणे लागणार आहेत."