कुंदाच्या चुण्या आणि माझी इस्त्री

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. दुपारी इस्त्रीवाले रफिकभाई माझे शर्ट घेऊन आले. मी ते कपाटात ठेवले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जो घोटाळा झाला त्यात मृत्यूपेक्षा इस्त्रीचा हात जास्त होता.

कुंदा नाचायची, नृत्य बसवायची, त्याचं नेपथ्य उभारायची आणि कपडेही स्वतःच शिवायची. (चार माणसांची कामं एकटी का करतेस, असं विचारलं की म्हणायची, "चौघांशी भांडण्यापेक्षा एकटीशी भांडणं सोपं.") मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकं सरळ, शर्ट कडक आणि तोंड बंद, एवढीच माझी कला. सिडकोतल्या आमच्या घरात न्हाणीघरावर माझा हक्क नव्हता. तिथं बादल्यांमध्ये हिरडा, चहाची पत्ती आणि गंजके खिळे घालून कापड मुरत पडलेलं असे. मी अंघोळ करून आलो की माझ्या पायांवर वेरूळ उमटलेलं!

वेरूळ म्हणजे अक्षरशः वेरूळ. शेवटच्या नृत्यासाठी तिला लेण्यातल्या दगडाचाच रंग हवा होता. तिथं जाऊन रंगवलेला तुकडा ती लेण्याच्या भिंतीजवळ धरायची आणि डोळे बारीक करायची. लगेच पहारेकरी ओरडायचा, "ओ मॅडम, हात लावू नका!"

"हात कुठं लावतेय? रंग जुळतोय का बघतेय!"

मग तो माझ्याकडे बघायचा. मी पुस्तकात बघायचो.

नृत्य असं होतं. मागं दगडी रंगाचा पडदा, कापडाचे खांब आणि त्याच कापडातल्या मुली. मुली स्तब्ध उभ्या राहिल्या की दिसूच नयेत. हलल्या की भिंतीतून मूर्ती सुटून आल्यासारखं वाटावं. नाच बसून झाला, कपडे तयार झाले आणि ती गेली. मुलींनी ठरवलं, प्रयोग करायचाच. पण एकदाच. तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी अश्विनी नोकरीसाठी बंगळूरला निघाली होती, बाकीच्याही पांगणार होत्या. कुंदाचं हे काम लोकांना दिसलं तर त्या संध्याकाळी, नाहीतर कधीच नाही.

आदल्या दिवशी अश्विनीचा फोन आला. "सर, कपडे आणि खांबांची कापडं तुमच्या माळ्यावर आहेत. तेवढी घेऊन याल?"

मी गाठोडं सोडलं. आत दोरखंडासारखे पीळ होते, नाड्यांनी करकचून बांधलेले. एकेक वस्त्र असं चुरगळलेलं निघालं की मला गलबलून आलं. आजारपणात बिचारीला आवरता आलं नसणार. मी सगळं उचलून रफिकभाईंच्या गाडीवर नेलं.

"साब, भाबी के कपडे हैं ना? दिल लगाके करतूं."

"कडक करा," मी म्हणालो. "खळसुद्धा घाला."

कुंदाच्या दिवसांना आलेली आणि माझ्या जेवणाच्या काळजीनं राहिलेली माझी थोरली बहीण, आक्का, सकाळी त्या घड्या बघून खूश झाली. "बग, कशी कोरी दिसतेत! कुंदीला लई बरं वाटलं असतं."

नाट्यगृहात अश्विनीनं पहिली घडी उलगडली. ती कागदासारखी करकरली. अश्विनी खाली बसली.

"सर, हे काय केलंत?"

"इस्त्री."

"अहो, त्या चुण्या होत्या! बाईंनी ओलं कापड पिळून बांधून, वाळवून पाडलेल्या! मूर्तींच्या अंगावरच्या वस्त्रासारख्या!"

"दगडाला चुन्या?" आक्का म्हणाली. "मंग कुंदीनं तरी कुनाला कळू दिलं?"

दिवे लावून पाहिलं. दिसू नयेत असं ठरलेल्या मुली रस्त्यावरच्या फलकांसारख्या झळकत होत्या! घड्यांचे चौकोन तर इतके ठसठशीत, की वाटावं, कुणीतरी वेरूळला फरशी बसवली.

मुलींनी बादल्या भरल्या. आक्कानं पदर खोचला. "आना इकडं. गोधड्या पिळन्यात जन्म गेला माजा. सुध्या, तू तिकडून धर."

मी धरलं. आक्कानं पीळ दिला. माझ्या हातून सुटलं आणि ओल्या दोरखंडाचा फटका मलाच बसला.

"धर म्हनलं तर धरायचं आसतं!"

तेव्हा मी ते टोक नेपथ्यातल्या एका खांबाच्या बांबूला बांधलं. (कल्पना संपूर्ण माझी.) आक्कानं जोर लावला. बांबू कट्कन मोडला.

मुली पंख्याखाली, केस वाळवायच्या यंत्रानं कपडे सुकवत राहिल्या. आक्का उरलेल्या गाठोड्यांवर वजन म्हणून बसली होती. तिनं फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. प्रेक्षक आत यायला लागले होते.

अश्विनीनं मोडक्या खांबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खांबाकडे.

"सर, तुम्ही उंच आहात."

"नाही," मी म्हणालो.

"आणि तुम्ही हलत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"बाई. नेहमी म्हणायच्या."

मला ओलसर कापडात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. आक्कानं कानाशी येऊन सांगितलं, "नुसतं हुबं ऱ्हायचं, सुध्या. येवडं तरी नीट कर. तिच्यासाठी."

पडदा उघडला. विरळ विणीतून मला सगळं अंधुक दिसत होतं. बायकोचे इतके प्रयोग झाले, पण मी बाहेर चपला आणि पर्सेस सांभाळत पुस्तक वाचायचो. तिचं काम इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो, तेही एका कडेनं. समोर भिंत होती, मुली नव्हत्याच. मग भिंतीत एक मनगट वळलं. ती वळवण्याची तऱ्हा कुंदाची होती. चहा गाळताना ती तसंच वळवायची. कापडाला हिरड्याचा आणि चहाचा वास येत होता, आमच्या न्हाणीघराचा.

आणि खांब हलायला लागला.

मी दात आवळले, श्वास धरला, पुस्तकांच्या कपाटांचे क्रमांक आठवले. काही उपयोग झाला नाही. खांब गदगदत होता, मधूनच नाक ओढत होता. अश्विनी नाचत माझ्याजवळ आली, वळली आणि ताल न चुकवता तिनं खांबावर हात टेकवला. तिथंच थांबली. हे बसवलेल्या नाचात नव्हतं. थोड्या वेळानं प्रेक्षागृहात टाळ्या सुरू झाल्या.

नंतर एक गृहस्थ मला भेटायला आत आले. डोळे ओले होते. "तो रडणारा खांब! काय कल्पना आहे हो! कुंदाताईंना हे सुचलं कसं?"

"घरातलंच बगून," आक्का म्हणाली.

कुंदानं जिवंतपणी मला कधी एकही भूमिका दिली नाही. गेल्यावर मिळाली, ती नुसतं उभं राहण्याची. तीही मला जमली नाही.

अश्विनी बंगळूरला गेली. आक्काही गावी गेली. रफिकभाई दर मंगळवारी येतात, मी शर्ट देतो. खांबाचं कापड पिळून, नाडीनं बांधून माळ्यावर ठेवलं आहे. ते देत नाही.