बोनस लाइन

“बागेत फिरायला मी काय रिटायर झालोय? कबड्डीचं मैदान लावा ना, मॅडम!”

अंबरनाथ पूर्वेच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी मावशीला घेऊन जायचे. मणक्याला मार बसून ज्याचे पाय हलेनासे झाले होते, असा शिरगावचा एक दादा तिथे रोज दिसायचा. डोक्यावर तारांची टोपी, डोळ्यांवर चित्रं दाखवणारा जाडजूड चष्मा. चालायचं त्याने मनात आणलं, की टोपी ते ओळखायची आणि चष्म्यात दिसणारे पाय बागेत चालायचे. खरे पाय मात्र तसेच.

त्या दिवशी त्याचं ऐकून फिजिओथेरपीच्या मॅडमनी हसत चष्म्यात मैदान लावलं. मांडीवर थाप मारून तो ‘कबड्डी, कबड्डी’ करत बोनस लाइनला अंगठा टेकवायला निघाला. त्याला चष्म्यातलंच दिसत होतं, मॅडम स्क्रीन बघत होत्या. त्याच्या पायांकडे फक्त माझं लक्ष होतं, आणि मी तिथे कधी कुणाशी बोलले नव्हते.

“दादा, अंगठा हलला! तुमचा, खरा!”