चाऱ्याच्या वाटा रेखणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई वाघमारे यांना मी प्रथम पाहिले ते ढोकीजवळच्या एका उसाच्या फडात. सत्तरच्या दशकातला मोठा दुष्काळ मागे पडून दहा-बारा वर्षे झाली होती आणि पुन्हा पाऊस हुकला होता. आमच्या सहकारी चारा संस्थेत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. सरकारी कचेरीतून संस्थेकडे आलेल्या आरेखकबाईंना बैठकीचा निरोप द्यायला मला पाठवले होते. बाई टेबलापाशी पट्टी घेऊन बसलेल्या असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्या एका ऊसतोडणी कामगाराच्या बैलांपुढे उभ्या राहून बैल काय आणि किती खातात ते पाहत होत्या. मला म्हणाल्या, “बसा जरा. ह्यांचं खाणं होऊ द्या, मग निघू.”

दुष्काळात चारा किती आहे, असे सगळेच विचारत. तो कुठून निघतो आणि कुठे जातो, हे ताई विचारत. बेंबळीच्या बौद्ध कुटुंबात त्या वाढल्या. आईवडील शेतमजूर असल्यामुळे शेतातून निघालेली काडी शेवटी कोणाच्या दारात पोचते, याचे कुतूहल लहानपणापासून होते, असे त्या सांगत. त्यांनी मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर जिल्ह्यातील गावे काढली आणि गावागावांना जोडणाऱ्या रंगीत पट्ट्या रंगवल्या. चाऱ्याची पट्टी हिरवी, शेणखताची तपकिरी, कारखान्यातून निघणाऱ्या चिपाडाची पिवळी. माल जास्त तिथे पट्टी जाड, कमी तिथे बारीक. आज असे काम संगणकावर होते. ताईंनी ते पायी फिरून आणि कुंचल्याने केले.

त्या कापडाची खरी परीक्षा लवकरच झाली. येरमाळ्याजवळच्या गुरांच्या छावणीत चारा संपत आला. ढोकीच्या फडांतील सगळे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, छावणीकडे न्यावेत, असा ठराव बैठकीत आला. अध्यक्ष सज्जन होते. त्यांना जनावरांची कळकळ होती. ताईंनी कापड पसरले.

“ही हिरवी पट्टी तोडणीवाल्यांच्या बैलांच्या पोटात जाती. ती तोडली की बैल बसले. बैल बसले की उसाच्या गाड्या थांबल्या, ऊस फडातच वाळंल. मग वाढं तरी कुठनं आणणार?”

“मग छावणीतली जनावरं मरू द्यायची का, बाई?” अध्यक्षांचा आवाज चढला.

ताईंनी कापडावरच्या येरमाळ्याच्या रस्त्यावर बोट ठेवले. त्या बाजूचा ऊस ट्रॅक्टरने जाई. तिथे बैल नसल्याने वाढे पडून राहत आणि पाचटाबरोबर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याबरोबर, पेटवले जात. कारखान्यावर ऊस उतरवून ट्रॅक्टर त्याच रस्त्याने रिकामे माघारी येत.

“हे पेटवायचं थांबवा. रिकाम्या ट्रॉलीत भरून छावणीवर उतरवा. तोडणीवाल्यांच्या वाढ्याला हात लावू नका.”

ठराव मागे घेतला गेला. पहिली ट्रॉली आली त्या दिवशी मी छावणीत होतो. एक म्हातारे शेतकरी गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “लई दिसांनी हिरवं बघितलं हिनं.” छावणीतील सगळी जनावरे वाचली असे लिहिणे खोटे ठरेल. पुष्कळ वाचली, आणि तोडणीवाल्यांचे बैलही हंगामभर उभे राहिले.

ताईंचा स्वभाव मऊ, पण कामात तडजोड नसे. जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कडब्याची पट्टी त्यांनी बरीच जाड काढली होती. संस्थेचे एक सदस्य स्वतः कडब्याचा व्यापार करीत. त्यांनी हसत सुचवले, “ताई, तेवढी रेघ जरा बारीक करता येईल का?” ताईही हसल्या. “मी बारीक करीन. कडबा जायचा थांबणार हाय का तेवढ्यानं?” पट्टी तशीच राहिली. पुढे संस्थेने सुगीतच कडबा विकत घेऊन ठेवण्यास सुरुवात केली, त्यामागे ती पट्टी होती.

एक घरगुती आठवण सांगतो. माझी पत्नी शोभा हिला रांगोळीचा चांगला हात होता, पण मेंढपाळाच्या घरातून आलेली ती मुलगी चार माणसांत बोलायला बिचकायची. ताई एकदा जेवायला आल्या, दारातली रांगोळी पाहिली आणि जाताना म्हणाल्या, “उद्यापासून पट्ट्या तुम्ही रंगवायच्या.” शोभाने पुढचा नकाशा रंगवला. तो बैठकीत लावताना ताईंनी त्याखाली तिचे पूर्ण नाव स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिले. त्या नावाकडे शोभा कितीतरी वेळ पाहत उभी होती. पुढे आरेखनाची परीक्षा देऊन ती नोकरीला लागली.

ताई आता बेंबळीत राहतात. गुडघे कुरकुरतात, तरी महाविद्यालयातील मुले-मुली पिकांच्या अवशेषांचा अभ्यास घेऊन आली की त्या त्यांना आधी शेतात नेतात आणि नंतर चहा देतात. पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या ताईंना चालते पाय, स्वच्छ नजर आणि निरोगी अशी पुष्कळ वर्षे लाभोत, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. अजून बरेच काही त्यांना विचारायचे राहिले आहे.